वेगळं पाणी

सकाळी ब्रायनी जिना उतरून स्वयंपाकघरात आली तेव्हा ट्यूलिपांनी माना टाकल्या होत्या. एखाद-दुसऱ्याने नव्हे, सगळ्यांनी. काल संध्याकाळी बाजारातून आणली तेव्हा कशी ताठ होती, गुलाबी, गच्च मिटलेली, शाळेच्या पहिल्या दिवशी ओळीत उभ्या केलेल्या मुलींसारखी. आणि आता निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या जगच्या काठावरून लोंबत होती, देठ मऊ पडलेले, एक पाकळी तर ओट्यावर गळून आलेली. मधोमध डॅफोडिलं मात्र खुशाल उभी होती. पिवळीधमक, तोंड वर करून, आपल्या गावीच नाही असा चेहरा. ब्रायनी वाकली. डॅफोडिलांच्या पेल्यांत तिने चक्क नाक खुपसलं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं; घरात कुणी पडलेलं दिसलं की आपण आधी कपाळाला हात लावून बघतो, तसं काहीतरी. मग तिने पाण्यात बोट बुडवलं. पाणी बुळबुळीत झालं होतं.

"आई, माझी ट्यूलिपं मेली."

आई कपबशांच्या कपाटात कमरेपर्यंत आत होती. आज गल्लीतल्या बागा उघड्या राहणार होत्या. दर एप्रिलमध्ये एका रविवारी यॉर्कच्या या विटांच्या चाळवजा घरांतले लोक आपापली मागची दारं सताड उघडी टाकतात. फाटकाशी डब्यात नाणी टाकायची, या बागेतून त्या बागेत हिंडायचं, दुसऱ्याच्या मातीला उघड नावं न ठेवता मनातल्या मनात ठेवायची आणि शेवटी शेजारच्या मिस्टर पिकर्सगिलांच्या अंगणात चहा-केक. चहाचं खातं आईकडे होतं. बाबांची रेल्वेत रविवारची ड्यूटी, त्यामुळे ते सुटले होते.

"कशात ठेवली होतीस?" कपाटातून आवाज आला.

"त्या जगमध्ये. डॅफोडिलांबरोबर."

"मग मरतीलच की गं. डॅफोडिलांना चीक असतो. कापल्या कापल्या दुसऱ्या फुलांत ठेवलीस तर बाकीच्यांचे गळे आवळतो तो. एक रात्र त्यांना त्यांच्या त्यांच्या पाण्यात वेगळी ठेवायची, चीक वाहून जाऊ द्यायचा, मग ठेव कुणाहीबरोबर. नेलने सांगितलं नाही तुला?"

आणि उत्तराची वाट न बघता आई चहाची भलीमोठी किटली पोटाशी धरून, पाठमोरीच, दार पायाने ढकलून शेजारी गेलीसुद्धा.

नाही सांगितलं, असं ब्रायनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नेलने सांगितलं होतं. म्हणजे सांगायला घेतलं होतं. काल संध्याकाळी ब्रायनी देठ कापत होती, गुणगुणत होती, तेव्हा तिची धाकटी बहीण नेल मागच्या दारातून आत आली. गुडघ्यांवर माती, बाही कोपरापर्यंत ओली. जगकडे बघून ती थबकली आणि म्हणाली, "डॅफोडिलं आजची रात्र..." आणि वाक्य अडलं. नेलचं वाक्य अडतं तेव्हा तिची हनुवटी किंचित वर उचलली जाते, डोळे कुठेतरी डावीकडे जातात, आणि सगळं घर त्या हनुवटीला टांगल्यासारखं होतं. ब्रायनीने ते फार वेळ टांगून ठेवलं नाही. तिने कधीच ठेवलं नव्हतं. "खिडकीत ठेवू? थंडीत? हो गं, ठेवते," असं म्हणून तिने जग उचलून ओट्यावरच्या खिडकीत ठेवलादेखील. नेल तशीच उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मी..." आणि पुन्हा हनुवटी. "उद्या लोक वाफा बघायला आले की तू नुसती शेजारी उभी राहा," ब्रायनी तिच्या खांद्यावर थाप मारत म्हणाली, "बोलायचं काम माझ्याकडे. सगळं पाठ केलंय मी. तीन तर विनोद आहेत." नेलने तोंड मिटलं. मान हलवली की नाही हलवली, ते ब्रायनीने बघितलं नव्हतं, कारण तोपर्यंत ती विनोदाकडे वळली होती.

डॅफोडिलं आजची रात्र वेगळी ठेव. एवढंच तर वाक्य होतं. आता उघड्या पुस्तकासारखं दिसत होतं ते, शेवट आपला आपण येऊन बसला होता. आणि मग दुसरं वाक्य? उद्या मी. उद्या मी काय?

तेवढ्यात नेलच आत आली, हातात पाण्याची झारी. तिने जगकडे बघितलं, मग ब्रायनीच्या चेहऱ्याकडे बघितलं, डोळे जरा मोठे झाले. "तुझ्या..." ती म्हणाली.

"माझ्या मूर्खपणाने मेली, माहितीये मला, सॉरी, सॉरी, सॉरी!" ब्रायनी म्हणाली. नेलने झारी भरली, पुन्हा एकदा वळून बघितलं, ओठ दाताखाली दाबले आणि बाहेर गेली. ती हसू दाबत होती की रडू, ते कळलं नाही, आणि ब्रायनीला ते विचारायचा धीर झाला नाही. धीर झाला नाही ही गोष्टच नवीन होती. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरपासून ब्रायनीला कुठे धीर झाला नाही असं घडलं नव्हतं. त्याआधीची ब्रायनी वेगळीच होती, कपाळावरच्या केसांमागे राहणारी, वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटणारी. मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी उतारा वाचणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी समोर दिसेल तिच्या हातात कागद दिला, आणि ब्रायनी वाचायला उभी राहिली तर तिच्या छातीतून असा एक आवाज निघाला की मागच्या रांगेतल्या मुलांनी च्युइंगम चावायचं थांबवलं. त्या दिवशी घरी येताना ती नदीच्या काठाने मोठ्याने बोलत आली होती, एकटीच, बदकांशी. तेव्हापासून वादविवाद, नाटक, शाळेची पाहुण्यांना फिरवणारी तुकडी; बसचा ड्रायव्हरही तिला नावाने हाक मारतो. आपण आत कुठेतरी इतक्या मोठ्या होतो आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचं तिला अजून रोज सकाळी नवल वाटतं. घर भरून जातं तिच्या आवाजाने. भरून जातं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, भरलेल्या घरात बाकीचे कुठे बसतात?

पण वाक्यं पुरी करायची सवय सप्टेंबरची नव्हती, ती कितीतरी जुनी. नेल पाच वर्षांची होती, ब्रायनी आठ. गावाच्या जुन्या तटबंदीखालच्या उतारावर आइस्क्रीमची गाडी उभी असायची. तो उतार वसंतात सगळा डॅफोडिलांनी पिवळा होतो, प्रवासी लोक त्यात पाय टाकून फोटो काढतात आणि भिंतीवरून कुणीतरी त्यांना ओरडतं. नेलची पाळी आली, गाडीवाल्याने चमचा वर धरला, "काय देऊ, राणी?" आणि नेलची हनुवटी वर गेली. मागे पोरं होती. एकाने तोंड वेडंवाकडं करून नेलची नक्कल केली, दुसरा खिदळला. चमच्यावरचं पाणी गाडीवाल्याच्या मनगटावर ओघळत होतं. ब्रायनीच्या पोटात काहीतरी पिळल्यासारखं झालं आणि ती ओरडली, "स्ट्रॉबेरी! तिला स्ट्रॉबेरी!" गाडीवाल्याने सुटकेचा श्वास टाकला, पोरं गप्प झाली, नेलच्या हातात गुलाबी गोळा आला. केवढी मोठी वाटली होती तेव्हा ब्रायनीला स्वतःची उंची. त्यानंतर नेल नेहमी स्ट्रॉबेरीच खात आली. वाढदिवसाला स्ट्रॉबेरीचा केक. आजारी पडली की स्ट्रॉबेरीची जेली. आता ओट्याशी उभं राहून मेलेली ट्यूलिपं जगमधून उपसताना ब्रायनी मध्येच थांबली. नेलला स्ट्रॉबेरी आवडतं हे घरात कुणी सांगितलं? नेलने? कधी?

आणि मग एकामागून एक ती सगळी अर्धी वाक्यं यायला लागली. त्यांना थोपवणं जमेना. "मला शाळेत..." बरं नाही वाटत? नको जाऊस आज. "आजी गेली तेव्हा मी..." रडली होतीस, हो, आम्ही सगळेच. "मला तुझ्याबरोबर..." यायचंय? चल की. प्रत्येक वाक्याला ब्रायनीने एक शेपूट चिकटवलं होतं, प्रेमाने, चटकन, आणि नेल त्या शेपटासकट निघून गेली होती. मागच्या हिवाळ्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एका बाईंकडे सगळे गेले होते. त्या म्हणाल्या, काही करू नका, फक्त थांबा. सगळ्यांनी माना डोलावल्या, ब्रायनीने सर्वांत जास्त. आणि परत येताना गाडीत नेल म्हणाली, "त्या बाई..." तर ब्रायनी म्हणाली, "किती गोड होत्या ना!" तेव्हा आरशातून बाबांनी बघितलं होतं. त्या नजरेचा अर्थ आज लागला. खरं सांगायचं तर ती थांबू शकत नव्हती. त्या शांततेत नेलला काय होत होतं हे ब्रायनीला माहीतच नव्हतं. स्वतःच्या पोटातला तो पीळ तेवढा तिला माहीत होता, आणि तो सुटावा म्हणून ती बोलत होती. बहिणीचं वाक्य म्हणजे तिच्या पोटदुखीवरचं औषध झालं होतं.

तिने जग घासला. डॅफोडिलं एका बरणीत वेगळी ठेवली, उशिरा का होईना. मग मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाग म्हणजे काही फार नव्हती. विटांची भिंत, कपडे वाळत घालायचा खांब, आणि भिंतीलगत नेलचा वाफा. दोन वर्षांपूर्वी तिथे सायकली आणि एक फुटका पिंप होता. ऑक्टोबरच्या चिकट चिखलात नेल पालथी पडून कंद लावायची ते ब्रायनी वरच्या खिडकीतून बघायची, भाषण पाठ करता करता. कंदांच्या आजूबाजूला कसली कसली रोपंही टोचायची. काय करतेस गं, असं ब्रायनीने विचारलं होतं बहुतेक, आणि उत्तरही दिलं होतं, स्वतःच. आता ते सगळं वर आलं होतं. पांढरी बुटकी डॅफोडिलं फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या धुक्यात गुडघाभर उभी होती. पिवळ्या मोठ्या डॅफोडिलांच्या पायाशी मस्कारीचे निळे घोस आणि फिकट प्रिमरोज. काही डॅफोडिलांची फुलं सरून गेली होती, नुसती पानं आडवी पडायच्या बेतात होती, आणि त्या पानांच्या मधून जिरेनियमची गोल, दुमडलेली, कोवळी पानं छत्र्या उघडाव्यात तशी उघडत होती. कुणी कुणाचा गळा आवळलेला नव्हता. एकाच मातीत, एकाच पाण्यावर सगळी दाटीवाटीने मजेत होती. जगमध्ये जे एका रात्रीत मेलं ते इथे कसं जगलं? ब्रायनीला विचारावंसं वाटलं. विचारण्यासारखी एकच व्यक्ती होती आणि ती पाठमोरी बसून गोगलगायी वेचत होती.

"नेल," ती म्हणाली. "आज, मी, म्हणजे तुला जर..." आणि गंमत म्हणजे तिचंच वाक्य अडलं. नेलने मागे वळून बघितलं. ती थांबली. नुसती थांबली, गोगलगाय दोन बोटांत धरून, घाई नाही, मदत नाही, भुवईसुद्धा वर नाही. किती सराईतपणे थांबते ही, ब्रायनीला वाटलं. पण तेवढ्यात फाटक वाजलं आणि पहिली माणसं आत आली.

माणसं बरीच आली. ऊन पडलं होतं, म्हणजे इथे लोक ज्याला ऊन म्हणतात ते. जो तो ब्रायनीकडे बघून हसत होता, जरा जास्तच प्रेमाने हसत होता. एरवी तिने ते खिशात घातलं असतं, आज तिला ते खुपत होतं. मिस्टर पिकर्सगिलांनी तर लांबूनच डोळा मारला. ते सत्तरीचे, टाय लावून बागकाम करणारे. पोस्टमन रस्त्यावर टाकून जातो ती लाल रबरबँडं गोळा करून ते आपल्या डॅफोडिलांच्या सरत आलेल्या पानांच्या जुड्या बांधून ठेवतात, एकेकीचा अंबाडा घातल्यासारख्या, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

"काय गं पोरी, आज भाषण आहे म्हणे तुझं," ते म्हणाले. "आम्ही खुर्च्या आणू का?"

"तुम्ही उभेच राहा, झोप लागेल नाहीतर," ब्रायनी म्हणाली. जीभ आपली चालूच होती, सवयीने. चार-पाच जणांचं कोंडाळं वाफ्याशी जमलं. त्यात जांभळ्या रेनकोटातली एक बाई होती, हातात केकची बशी, शिक्षिका असावी अशी. तिने वाकून जिरेनियमची पानं बाजूला केली, खालची डॅफोडिलांची पानं बघितली, पुन्हा झाकली, आणि सरळ होत म्हणाली, "हे फार विचार करून केलंय कुणीतरी. कुणी शिकवलं हे?"

प्रश्न ब्रायनीकडे बघून विचारला होता. सगळेच तिच्याकडे बघत होते. आणि उत्तर तयार होतं. भाषणातलं दुसरं वाक्य तेच होतं. आमच्या आजोबांनी, त्यांचा हात इतका गुणाचा की त्यांनी छत्री रोवली असती तरी तिला कळ्या आल्या असत्या. इथे लोक हसणार, मग ती थांबणार, मग पुढचं. शब्द दातांपर्यंत आले. पोटात तो गोड ताण सुरू झाला, रंगमंचावर जायच्या आधीचा, जगात तिला सर्वांत आवडणारा. ती नेलकडे वळली.

"तू सांगतेस?"

नेलने होकारार्थी मान डोलावली. अगदी चटकन डोलावली. कुणी दार कधी ठोठावतंय म्हणून आत दाराशीच उभं असावं, तशी.

मग हनुवटी वर गेली. डोळे डावीकडे, भिंतीवर. आणि काही आलं नाही.

पलीकडच्या अंगणात बशीवर चमचा पडला. मिन्स्टरची, गावातल्या मोठ्या चर्चची, घंटा लागली होती, ती लागतच राहिली. कोंडाळ्यातल्या एका माणसाने पायावरचा भार बदलला. मिस्टर पिकर्सगिल टाय चाचपू लागले. जांभळ्या बाईच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न आला, मग समज आली, मग ती मऊ, घाबरी दया आली, जी ब्रायनीला तोंडपाठ होती कारण ती तिने स्वतःच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं वागवली होती. बाईने ब्रायनीकडे बघितलं. सांग ना तू, असं ते बघणं होतं. ब्रायनीच्या पोटातला पीळ आवळत आवळत गळ्याशी आला. आजोबांनी. चारच तर अक्षरं हवी होती. जिभेच्या टोकावर ती लेमनच्या गोळीसारखी विरघळत होती. तिने जीभ दातांत धरली, खरोखरच धरली, दुखेपर्यंत. आणि मग तिला काहीतरी दिसलं जे इतकी वर्षं दिसलं नव्हतं, कारण तिथवर ती कधी थांबलीच नव्हती: नेल घाबरलेली नव्हती. ती काम करत होती. जड कपाट एकटीने सरकवणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा तिचा चेहरा होता. लाल, गुंतलेला, आणि कुणी मध्ये हात घालू नये असा.

"आजोबांनी का गं?" शेवटी बाईलाच राहवलं नाही.

नेलने नकारार्थी मान हलवली. ब्रायनी चकित झाली. नाही?

"हिने," नेल म्हणाली आणि ब्रायनीकडे बोट दाखवलं.

सगळे ब्रायनीकडे वळले. ब्रायनीला काहीच कळेना. तिला तर प्रिमरोज आणि कोबी यांतला फरक फुलं आल्यावर कळतो. पण वाक्य संपलं नव्हतं. हनुवटी अजून वर होती. ते पुढचं यायला बराच वेळ लागला, तुकड्या तुकड्यांनी, मध्ये मध्ये खड्डे पडत आलं, पण आलं, शेवटच्या शब्दापर्यंत आलं.

"घरात ही बोलत असते. म्हणून मी बाहेर आले."

मग मिस्टर पिकर्सगिल असे काही हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि मग सगळेच हसले, जांभळी बाई डोळे पुसत हसली, आणि नेलही हसली, स्वतःचा विनोद वेळेवर पोचल्यावर माणूस हसतं तसं. ब्रायनीला हसायला सर्वांत उशीर लागला. आधी कानशिलं तापली. हे वाक्य तिने हजार वर्षांत पुरं केलं नसतं. हे तिच्याकडे नव्हतंच. दोन वर्षं नेल ते घेऊन या वाफ्यात पालथी पडली होती, आणि वर खिडकीत ब्रायनी भाषण पाठ करत होती. तीन विनोद होते त्या भाषणात. त्यातला एकही इतका चांगला नव्हता, हे कळायला मात्र तिला वेळ लागला नाही, कारण विनोदातलं तिला कळत होतं. मग ती हसली. डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्यात खपून गेलं.

नंतर नेल बोलत राहिली. सगळे थांबले नाहीत. एक जोडपं दुसऱ्या अडलेल्या वाक्याशी केकच्या दिशेने सटकलं, एका माणसाने उगाच घड्याळ बघितलं. पण बाकीचे होते. फुलं सरली की पानं कापायची नाहीत, नेलने सांगितलं, ती मेल्यासारखी दिसतात पण तीच पुढच्या वर्षीचं फूल खाली कंदात पोचवत असतात, त्यांना त्यांच्या वेळाने पिवळं होऊ द्यायचं. लोकांना ते बघवत नाही, म्हणून हे जिरेनियम, ते वर येऊन झाकतं, म्हणजे पानांच्या मागे कुणी लागत नाही. मग ती मिस्टर पिकर्सगिलांकडे वळली आणि फार मेहनतीने, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली की ती रबरबँडं सोडा, पानांचा गळा आवळला की कंद उपाशी राहतो, पुढच्या वर्षी नुसती पानं येतील, फुलं नाहीत.

"गेल्या वर्षी नुसती पानंच आली," मिस्टर पिकर्सगिल हळूच म्हणाले. "मला वाटलं, खत कमी पडलं."

"सोडा," नेल म्हणाली. हा शब्द अडला नाही.

ब्रायनी तिथेच उभी होती, रिकामी बशी हातात घेऊन. तिला एकाकी वाटत होतं आणि हलकंही. जमिनीत सगळं वेगळं असतं, तिच्या मनात आलं. तिथे प्रत्येकाचं मूळ आपापलं पाणी पितं. जगमध्ये मात्र एकच पाणी, त्यात जो जोरात असतो त्याचा चीक सगळ्यांच्या अंगात. त्यात डॅफोडिलाचा काही वाईट हेतू नसतो. फक्त कुणीतरी त्याला सांगायला हवं की एक रात्र तू बाजूला थांब. कुणीतरी सांगत होतं, आणि त्याने ऐकलं नाही.

माणसं पांगली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. पलीकडे आई कपबशा गोळा करत कुणाशी तरी हसत बोलत होती. दोघी मागच्या पायरीवर बसल्या. नेलच्या नखांत माती, ब्रायनीच्या जिभेवर दातांची खूण. मिस्टर पिकर्सगिलांच्या बाजूने बारीकसा टप् आवाज आला, मग पुन्हा एक टप्. लाल रबरबँडं सुटत होती.

"नेल," ब्रायनी म्हणाली, "तुला स्ट्रॉबेरी आइस्क्रीम आवडतं?"

नेलने तिच्याकडे बघितलं. हनुवटी वर गेली. ब्रायनीने गुडघे कवटाळले. पीळ आला, तोच, ओळखीचा. तिने त्याला येऊ दिलं. उत्तर नाही असेल. उत्तर हो असेल. मला तू कधी विचारलंच नाहीस असं असेल, आणि मग रडू येईल, तर येऊ दे. कितीतरी शेवट रांगेत उभे होते आणि ती एकालाही पुढे येऊ देत नव्हती.

"तुझ्या नाकाला," नेल म्हणाली, "पिवळं लागलंय. सकाळपासून."

ब्रायनीने नाकाला हात लावला. बोटांवर डॅफोडिलांचा पिवळाधमक पराग आला. ते सगळं प्रेमळ हसणं, तो मारलेला डोळा, तो जांभळा रेनकोट. आणि या गावातली माणसं अशी सभ्य की संध्याकाळपर्यंत एकानेही म्हणून सांगितलं नाही. एकीने सांगायला घेतलं होतं, झारी हातात धरून, सकाळीच. तुझ्या.

दोघी हसत सुटल्या. नेल हसता हसता पायरीवर आडवी झाली. मग उठून बसली, डोळे पुसले, श्वास घेतला.

"आणि स्ट्रॉबेरी..." ती म्हणाली, आणि हनुवटी वर गेली.

ब्रायनी नाक न पुसता, तशीच पिवळी, बसून राहिली.